पहिली फोडणी कुठे शिकावी?

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत उन्हाळा सुरू झाला की स्वयंपाकाच्या क्लासच्या जाहिरातींत एक ओळ दिसू लागते : ‘परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खास बॅच’. अमेरिकेतलं शैक्षणिक वर्ष ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं, जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये. त्याआधी व्हिसा आणि खरेदीच्या धावपळीतून वेळ काढून बावीस-तेवीस वर्षांची मुलं-मुली कुणा काकूंच्या स्वयंपाकघरात उभी राहतात आणि वरण-भाताचा कुकर लावायला, फोडणी करायला, कणीक मळायला शिकतात. या बॅचमध्ये मुलगा-मुलगी असा भेद नसतो. ‘एवढंही येत नाही?’ असं कुणी म्हणत नाही, कारण येत नाही हे गृहीत धरूनच बॅच काढलेली असते. अवघड पदार्थांचा हट्टही नसतो. परक्या गावात, थंडीत, अभ्यासाच्या गडबडीत अर्ध्या-पाऊण तासात जे करून पोटभर खाता येईल, तेच शिकवलं जातं.

नवख्या तरुणांना स्वयंपाक शिकवण्याची याहून शहाणी रीत माझ्या पाहण्यात नाही. खंत एवढीच की ती परदेशी जाणाऱ्यांपुरती राहिली आहे. लातूरहून नोकरीसाठी हिंजवडीत आलेला, तिघांत मिळून फ्लॅट घेतलेला मुलगा घरापासून तसाच लांब असतो. साताऱ्याहून मुंबईत आलेली, पीजीत राहून डब्यातल्या त्याच त्या भाजीला कंटाळलेली मुलगीही तशीच. शिवाय आईवडिलांच्या घरी राहून केवळ हौस म्हणून शिकू पाहणारेही पुष्कळ आहेत. यांना क्लास लावायचा असतो, पण जाहिराती चाळल्या की एकीकडे आयसिंगचे केक, दुसरीकडे ‘एका दिवसात पंचवीस ग्रेव्ही’ आणि तिसरीकडे हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा. गॅस पेटवण्यापासून सुरुवात असलेल्यानं यातून काय निवडावं, याचा विचार या लेखात केला आहे.

घराबाहेर शिकण्याची जुनी वाट

स्वयंपाक घरात बघून-बघून येतो, त्याला क्लास कशाला, असं म्हणणारे अजूनही भेटतात. पण घराबाहेरून शिकण्याची आपली वाट चांगलीच जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापलं गेलं. मराठीतल्या सर्वांत जुन्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घराघरांत पोचलं. त्या पुस्तकाचं मोठं बळ त्याच्या मापांत होतं. ‘अंदाजाने’ आणि ‘बेताचं’ यांच्या जागी त्यांनी वाटी आणि चमचा आणला. शहरात बिऱ्हाड थाटलेल्या, हाताशी आई किंवा सासू नसलेल्या मुलीला ‘बेताचं’ म्हणजे किती हे कोण सांगणार? वाटीनं ते सांगितलं.

क्लासचंही तसंच झालं. तरला दलाल यांनी १९६६ मध्ये मुंबईत राहत्या घरी स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. त्या वर्गांतून पुढे १९७४ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक निघालं आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९३ पासून ‘खाना खजाना’मधून संजीव कपूर घराघरांतल्या टीव्हीवर शिकवू लागले. आता मोबाइलवर हवा तो पदार्थ हव्या त्या क्षणी पाहता येतो.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. कुटुंबं जशी विखुरली, माणसं शिक्षणा-नोकरीसाठी गाव सोडून निघाली, तसतसं स्वयंपाकाचं शिक्षण घराबाहेर आलं. त्यामुळे क्लास लावण्यात कमीपणा काहीच नाही. आजचं तरुण पोरगं क्लास शोधतं, ते आजीच्या पिढीनं ‘रुचिरा’ विकत घेतलं त्याच गरजेपोटी.

हौसेचा क्लास वेगळा, धंद्याचा कोर्स वेगळा

शोध सुरू करण्याआधी हा फरक मनाशी पक्का करावा. दादरच्या वीर सावरकर मार्गावरची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ही या क्षेत्रातली देशातली पहिली संस्था. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं ती १९५४ मध्ये सुरू झाली. अशा संस्थांतल्या पदवीसाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिथलं शिक्षण हॉटेलच्या भटारखान्यासाठी माणूस घडवतं. पर्यटन मंत्रालयाची ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना किंवा जन शिक्षण संस्थांमधले वर्ग यांचाही उद्देश रोजगार हाच आहे. ज्यांना रोजगार हवा त्यांच्यासाठी त्या जागा राखलेल्या आहेत. शनिवार-रविवारी हौसेनं शिकणाऱ्यानं त्या अडवू नयेत.

मात्र काही हॉटेल मॅनेजमेंट आणि गृहविज्ञान महाविद्यालयं सुट्टीत किंवा शनिवार-रविवारी बाहेरच्यांसाठी छोटे वर्ग घेतात. त्यांची प्रयोगशाळा सुसज्ज असते, प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी मिळण्याची शक्यता जास्त असते आणि शिकवणाऱ्याला शिकवण्याची सवय असते. आपल्या गावात असं महाविद्यालय असेल तर कार्यालयात जाऊन चौकशी करावी. या वर्गांची जाहिरात फारशी होत नाही.

कोणकोणते क्लास मिळतात

सर्वांत जास्त संख्या घरगुती क्लासची. स्वतःच्या स्वयंपाकघरात चार-सहा जणांना शिकवणाऱ्या काकू, मावशी, क्वचित काका. भांडी, शेगडी, मसाल्याचा डबा, सगळं आपल्याच घरासारखं असल्यामुळे तिथं शिकलेलं दुसऱ्या दिवशी घरी करता येतं. नवख्यासाठी हीच पहिली पसंती असावी.

दुसरा प्रकार मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंचा. लांबलचक ओटे, ओव्हन, मोजमापाची उपकरणं आणि बहुधा पास्ता, सुशी, ब्रेड असे पदार्थ. मित्रमैत्रिणींबरोबर एक संध्याकाळ आनंदात घालवायला हे उत्तम आहे. फी जास्त असते आणि घरी ते साहित्य आणि ओव्हन असेलच असं नाही, एवढं लक्षात ठेवून जावं.

तिसरा प्रकार सणावारी होणाऱ्या कार्यशाळांचा. गणपतीआधी उकडीचे मोदक, दिवाळीआधी फराळ, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या. शिकायला सुंदर, पण मोदकाची पारी किंवा अनारशाची जाळी ही हात बसल्यावरची कामं. फोडणी येत नसताना तिथून सुरुवात केली तर उगीच हिरमोड होतो. त्याच शिक्षिकेचा ‘रोजचा स्वयंपाक’ हा वर्ग आहे का, ते विचारावं.

केक-बेकिंगचे वर्ग हा चौथा आणि सध्याचा सर्वांत गाजावाजा असलेला प्रकार. बेकिंगमध्ये मापं काटेकोर असतात, त्यामुळे सूचना पाळणाऱ्या नवख्याला यश लवकर मिळतं आणि हुरूप येतो. पण त्यानं रोजचं जेवण येत नाही. पोटाची सोय हवी असेल तर हा दुसरा क्लास ठेवावा, पहिला नव्हे.

पाचवा प्रकार त्या-त्या प्रांताच्या स्वयंपाकाचा : मालवणी, सीकेपी, सारस्वत, खानदेशी, वऱ्हाडी, गोव्याचा. आजोळची चव शोधणाऱ्यांना हे वर्ग फार समाधान देतात. शेवभाजीचा रस्सा किंवा सोलकढी तिथल्या माणसाच्या हाताखाली शिकण्याची सर पुस्तकाला नाही. पाया तयार झाल्यावर इकडे जरूर वळावं.

हात कुणाचा चालतो?

कुठल्याही क्लासला फोन केला की सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा : ‘डेमो आहे की प्रत्यक्ष करायला मिळतं?’

डेमोमध्ये शिक्षिका करतात, विद्यार्थी वहीत लिहून घेतात आणि शेवटी चव घेतात. तीन तासांत दहा पदार्थ ‘होतात’, म्हणून फीच्या मानानं फायद्याचं वाटतं. वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला असा वर्ग खरंच उपयोगी पडतो. तिचा हात बसलेला असतो, तिला फक्त नवी कृती हवी असते. नवख्याचं तसं नाही. पेटीच्या क्लासला जाऊन गुरुजींचं वादन तेवढं ऐकून घरी यावं, तसा त्याचा डेमो होतो. तेल किती तापलं की मोहरी टाकायची, कणीक कितपत घट्ट हवी, कांदा ‘गुलाबी’ कधी म्हणायचा आणि ‘तांबूस’ कधी, हे बोटांनी, नाकानं आणि कानानं शिकायचं असतं. मोबाइलवरच्या व्हिडिओची मर्यादाही हीच. त्यात वास येत नाही आणि तुमची कणीक सैल झाली हे समोरचा सांगू शकत नाही.

म्हणून नवख्यानं तीन तासांत तीनच पदार्थ होणारा, पण ते स्वतःच्या हातानं करायला लावणारा क्लास निवडावा. एका शेगडीमागे दोघांपेक्षा जास्त माणसं असतील तर तिसरा बघ्याच राहतो. बॅच सहा-आठ जणांच्या वर गेली की घरगुती ओट्याशी प्रत्येकाला जागा मिळणं कठीण होतं.

पहिल्या क्लासमध्ये काय यायला हवं

पदार्थांची यादी बघून क्लास निवडू नये. यादीत दडलेली कौशल्यं बघावीत. माझ्या मते पहिल्या क्लासनं पाच-सहा गोष्टी हातात द्यायला हव्यात, आणि त्यांच्या मागचं कारणही. कारण कळलं की एका पदार्थातून दहा पदार्थ येतात.

पहिली गोष्ट चिरणं. विळी असो की सुरी, धार हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरून बोटावर येते. पाटाखाली ओलं फडकं ठेवलं की पाट हलत नाही. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, म्हणजे पातं नखांपर्यंत पोचत नाही. कच्चं मांस-मासे चिरायला वेगळा पाट ठेवायचा, त्यावर कोशिंबिरीची काकडी चिरायची नाही. भेंडी आधी धुऊन, पुसून, मग चिरायची, नाहीतर ती चिकट होते.

दुसरी फोडणी. मसाल्यांतला सुगंध तेला-तुपात चांगला विरघळतो, हळदीचा रंगही तेलातच खुलतो. म्हणून फोडणी हा आपल्या स्वयंपाकाचा पाया आहे. मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ झाली की दाणा तडतडतो. तो आवाज म्हणजे तेल तापल्याची खूण. मग जिरं, हिंग, कढीपत्ता आणि शेवटी हळद-तिखट, कारण पूड पटकन जळते आणि जळलेली हळद कडू होते. हा क्रम आणि हा अवघ्या अर्ध्या मिनिटाचा खेळ स्वतःच्या हातानं चार वेळा करायला मिळाला, तर क्लासची निम्मी फी वसूल झाली असं समजावं.

तिसरी कुकर. घरगुती कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंश सेल्सिअसच्या जवळपास जाऊन उकळतं, म्हणून डाळ भराभर शिजते. रिंग नीट बसली आहे का, शिट्टीची वाट मोकळी आहे का, वाफ पुरती जाण्याआधी झाकण का ओढायचं नाही, हे समजून घ्यावं. डाळ किंवा बटाटा शिजण्याआधी चिंच, आमसूल, टोमॅटो घातला तर तो आंबटपणा त्यांना मऊ होऊ देत नाही. म्हणून आमटीत आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. राजमा भिजवून खळखळून उकळायलाच हवा. त्याच्या कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ते पुरतं नष्ट होत नाही. कुकरमध्ये ही काळजी उरत नाही. परदेशी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चौथी गोष्ट वाफेवरची भाजी. झाकणावर पाणी ठेवून भाजी शिजवण्याची आपली जुनी रीत फार हुशारीची आहे. आतली वाफ गार झाकणाला लागून पुन्हा थेंब होऊन भाजीत पडते, म्हणून भाजी न करपता आपल्याच रसात शिजते. रस हवा असेल तर झाकणावरचं तापलेलं पाणीच त्यात घालायचं. ही एक रीत आली की कोबी, दुधी, गवार, बटाटा या सगळ्या भाज्या येतात.

पाचवी पोळी किंवा भाकरी. इथं कारण समजलं की निम्मी भीती जाते. गव्हाच्या पिठात मळल्यावर ताण धरणारा चिवटपणा तयार होतो. कणीक तिंबून अर्धा तास झाकून ठेवली की ती सैलावते आणि लाटताना मागे ओढत नाही. ज्वारीत तो चिवटपणा नसतो, म्हणून गरम पाण्यानं पीठ मळायचं. उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगून चिकटपणा आणतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरा पडतात. पोळी एका दिवसात येत नाही, आणि चांगली शिक्षिका तसं सांगते. ‘एका तासात मऊसूत पोळ्या’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातीपासून सावध राहावं.

सहावी सुरक्षितता, आणि हिच्यात तडजोड नको. तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करायचं नाही. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि १९०६ या क्रमांकावर कळवायचं. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिलं की त्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. इंडक्शनवर कुठलं भांडं चालेल, याची परीक्षा सोपी आहे : बुडाला लोहचुंबक चिकटलं तर चालतं.

या सहा गोष्टी शिकवणारा क्लास पिठलं-भाताचा असला तरी उत्तम. त्या न शिकवणारा क्लास पंचवीस ग्रेव्हींचा असला तरी नवख्याच्या कामाचा नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचं

फीमध्ये साहित्य धरलं आहे का? कृती छापील मिळतात की लिहून घ्यायच्या? एखादा वर्ग चुकला तर दुसऱ्या बॅचमध्ये बसता येतं का? क्लासच रद्द झाला तर पैसे परत मिळतात का? हे आधी विचारावं आणि उत्तर शक्यतो व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावं. पूर्ण फी आगाऊ भरण्यापेक्षा आधी एकच वर्ग करून बघता आला तर उत्तम. पैशांवरून फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

अनेक वर्गांच्या जाहिरातीत ‘महिलांसाठी’ असं सवयीनं छापलेलं असतं. मुलांनी ते वाचून परत फिरू नये, फोन करून विचारावं. कधी वेगळी बॅच असते, कधी दोन-तीन मित्र मिळून आले तर काढली जाते. शिकवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे : तो शब्द काढून टाका. भूक बाईला आणि पुरुषाला सारखीच लागते.

वर्ग पूर्ण शाकाहारी आहे की मांसाहारीही शिकवतात, कांदा-लसूण वापरतात का, हे ज्याला महत्त्वाचं आहे त्यानं विचारावं. कुठल्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगावी. आपल्याकडे दाण्याचा कूट भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळीकडे पडतो, त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यानं तर गप्प बसूच नये.

आणि एक प्रश्न स्वतःला. ऑफिस सुटल्यावर दमून, ट्रॅफिकमधून शहराच्या दुसऱ्या टोकाला आपण खरंच जाणार आहोत का? नामवंत पण लांबच्या क्लासपेक्षा चालत जाण्याच्या अंतरावरचा साधा क्लास जास्त नियमानं होतो.

शोध कुठे घ्यावा

घरगुती क्लास घेणाऱ्या पुष्कळ बायका इंटरनेटवर ठळक दिसत नाहीत. त्यांची ओळख माणसांतून होते. सोसायटीचा सूचना फलक, व्हॉट्सॲपचा गट, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, स्थानिक वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिराती, महिला मंडळाचं कार्यालय : इथं विचारलं की नावं कळतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी तिथल्या महाराष्ट्र मंडळात चौकशी करावी. सणांच्या निमित्तानं स्वयंपाक करणारे जाणते हात तिथं असतात आणि शिकवायला बहुधा आनंदानं तयार होतात.

‘परदेशी जाणाऱ्यांसाठी’ ही बॅच दिसली, तर कुठेही जाणार नसलात तरी खुशाल फोन करा. रोजचं जेवण, थोडं साहित्य, थोडी भांडी आणि थोडा वेळ, हीच तर भाड्याच्या खोलीची अट असते. बॅच मिळालीच नाही तर चार मित्रांनी मिळून ओळखीच्या काकूंना विचारावं : आम्ही साहित्य आणतो, योग्य फी देतो, चार रविवार शिकवाल का? फी मात्र द्यावी. पिढ्यान्‌पिढ्या फुकट गृहीत धरलेल्या या विद्येचं मोल होणं हेही या क्लासचं मोठं काम आहे.

जवळपास काहीच नसेल तर ऑनलाइन थेट वर्ग हा दुसरा पर्याय. त्यातही आपण आपल्या स्वयंपाकघरात कॅमेऱ्यासमोर एकाच वेळी करत आहोत आणि शिक्षिका आपली कढई पाहू शकत आहेत, असा वर्ग निवडावा. आधी चित्रित केलेले धडे क्लासच्या जोडीला चांगले, क्लासऐवजी नकोत.

क्लास संपल्यावर

वर्गात केलेला पदार्थ त्याच आठवड्यात घरी पुन्हा केला नाही तर तो विसरला जातो. म्हणून आठवड्याला एकच वर्ग पुरे, मधल्या दिवसांत सराव. एक वही ठेवावी आणि तिच्यात आपलं माप लिहावं : आपल्या कुकरला किती शिट्ट्या, आपल्या तांदळाला किती पाणी, आपल्या चमच्यानं किती मीठ. भांडं, शेगडी, धान्य बदललं की माप बदलतं, आणि हे आपलं माप कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. मसाल्याचा डबा मात्र पहिल्याच आठवड्यात घ्यावा. मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, धने-जिरे पूड आणि गोडा मसाला एवढ्यावर मराठी घरचा बहुतेक रोजचा स्वयंपाक होतो.

या सगळ्यात हौस विसरू नये. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या तरुण माणसाला हातानं काहीतरी करण्याचा, त्याचा वास घेण्याचा आणि तासाभरात ते पानात वाढण्याचा आनंद दुसरीकडे क्वचित मिळतो. अनोळखी सहा माणसं एका ओट्याभोवती कांदा चिरतात, एकमेकांची आमटी चाखतात आणि शेवटी एकत्र बसून जेवतात. नव्या शहरात ओळखी व्हायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पुढे वाटलं तर सुशी शिका, केक शिका, थालीपीठ-वडे शिका. पाया असला की सगळं येतं.

तेव्हा क्लास शोधताना मोठ्या नावाला, लांब यादीला आणि प्रमाणपत्राला भुलू नका. घराजवळचा, छोट्या बॅचचा, रोजचं जेवण शिकवणारा आणि पळी तुमच्या हातात देणारा क्लास शोधा, या आठवड्यातच दोन ठिकाणी फोन करा आणि पहिल्याच दिवशी बेधडक सांगा : मला काहीही येत नाही, पहिल्यापासून शिकवा.